टगसाठी एचएमपीई रोप पहिल्यांदा घेताय? आधी बोटीचं लोखंड बघा

बेलापूरच्या जेट्टीवर आमच्या टगचा (बार्ज ओढणाऱ्या बोटीचा) नवा एचएमपीई, म्हणजे खास प्लॅस्टिक धाग्याचा रोप टेम्पोतून उतरला, तेव्हा दोन खलाशांनी ती कॉइल बांबूला अडकवून खांद्यावरून बोटीवर नेली. २२० मीटर रोप, वजन जेमतेम साठ-पासष्ट किलो. त्याच्या जागी आधी २४ मिमीची पोलादी वायर होती. ती पाचशे किलोची, चढवायची म्हणजे हायड्रा क्रेन बोलवा, दिवस घालवा. मामा खूश होता आणि वायरच्या तुटक्या तारांनी हात फाडून घेणारे खलाशी तर मामाहून खूश.

चौथ्या महिन्यात उरणच्या बाजूला रिकामी बार्ज नेताना तो रोप तुटला. तांडेलने मागच्या डेकवरून सगळ्यांना आधीच आत हाकललं होतं, म्हणून कुणाला काही झालं नाही. मी दुकानदाराला फोन करून भांडायच्या तयारीत होतो. तांडेलने तुटलेलं टोक हातात घेतलं, टगच्या मागच्या फेअरलीडवर (रोप ज्यातून बाहेर जातो त्या लोखंडावर) हाताचं बोट फिरवलं आणि म्हणाला, “पोरा, रोप चांगला हाय. तुझा लोखंड बग.”

पुढचं सगळं त्या वाक्यातून शिकलो आहे. नवी मुंबईत, ठाण्यात किंवा उरण-करंजाकडे ज्यांची छोटी टग, वर्कबोट किंवा बार्ज आहे, किंवा ज्यांच्यावर कंपनीत पहिल्यांदाच असा रोप खरेदी करायची वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. ओढायला हवा की बांधायला, ते आधी ठरवा

दुकानात पाय ठेवण्याआधी हे ठरलेलं असू द्या, कारण दोन्ही कामांना रोपाकडून हव्या असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत.

नायलॉन ताणला की लांबतो, धक्का पोटात घेतो. पण तो पाण्यात बुडतो आणि भिजल्यावर त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. पॉलिएस्टर कमी ताणतो, घर्षणाला चांगला, तोही बुडतो. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपल्याकडे सर्रास दिसणारा स्वस्त रोप, तरंगतो. पण ताकद बेताची आणि उन्हात लवकर कडक होऊन त्याचा भुगा पडायला लागतो. एचएमपीई तरंगतो, तेवढ्याच जाडीच्या पोलादी वायरइतका किंवा जास्तच भार घेतो, वजनाला वायरच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. आणि तो जवळजवळ ताणतच नाही.

हा शेवटचा गुण जाहिरातीत फायदा म्हणून छापतात. आपल्या खाडीत तो बऱ्याचदा तोटा ठरतो. उधाणाला आपल्याकडे भरती आणि ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत बोट आखूड एचएमपीईने धक्क्याला बांधून घरी गेलात तर निभावेल. उधाणाच्या रात्री तीच बोट ओहोटीला दोरावर लटकेल आणि क्लीट (दोर अडकवायची खुंटी) तरी उपटेल, नाहीतर फळ्या तरी उचकटेल. छोटी बोट जेट्टीला बांधायला नायलॉन किंवा पॉलिएस्टरच घ्या. दिवाळे किंवा सारसोळे या कोळीगावांतला कुठलाही नाखवा हेच सांगेल, आणि तेही फुकट.

ओढकामात दुसरी गोम आहे. जड वायर टग आणि बार्जच्या मध्ये झोळ खाते. लाट आली की तो झोळ सरळ होतो, लाट गेली की परत पडतो, म्हणजे वजनच स्प्रिंगचं काम करतं. एचएमपीईला वजन नाही म्हणून झोळ नाही, तो ताणत नाही म्हणून लवचिकपणा नाही. प्रत्येक लाटेचा झटका थेट हुकवर. म्हणून एचएमपीईच्या पुढे नायलॉनचा एक तुकडा जोडतात, त्याला स्ट्रेचर म्हणतात. मोठ्या जहाजांच्या मूरिंग लाइनला, म्हणजे धक्क्याला बांधायच्या दोराला, असाच तुकडा असतो, त्याला टेल म्हणतात. आमच्याकडे आता २२ मिमी एचएमपीई आणि पुढे ४८ मिमी आठ-लडींचा नायलॉन आहे. जाडीतला फरक बघून लोक हसतात, पण दोघांची ताकद जवळपास सारख्याच पट्टीत येते.

२. नावाला भुलू नका

एचएमपीई म्हणजे अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिइथिलीन. बादली आणि पिशवी ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातलं. फरक असा, की जेल स्पिनिंग नावाच्या पद्धतीत ते विरघळवून, धागा काढून इतकं ओढतात की साखळ्या एका दिशेला शिस्तीत बसतात. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्या धाग्याची ब्रँडची नावं. आपल्या बाजारात मात्र कुठल्याही चकचकीत पांढऱ्या किंवा निळ्या रोपाला ‘डायनीमा’ म्हणून खपवतात.

घरच्या घरी परीक्षा घेऊन बघू, असं मलाही वाटलं होतं. जमत नाही. बादलीत टाकला तर पॉलिप्रॉपिलीनही तरंगतो. लायटर लावला तर दोन्ही वितळतात. एक साधारण १४५ ते १५० अंशाला, दुसरा १६५ च्या आसपास, आणि लायटरला तो फरक कळत नाही. २४ मिमी पॉलिप्रॉपिलीन मीटरला पाव किलोच्या आसपास, एचएमपीई त्याहून जरासा जड, म्हणजे तराजूही फार साथ देत नाही. हाताला एचएमपीई मेणासारखा गुळगुळीत लागतो हे खरं, पण त्यावर रंगाचं कोटिंग किंवा पॉलिएस्टरचं वेष्टन असलं की संपलं. ताकदीत मात्र दोघांमध्ये पाचपटीहून जास्त फरक आहे. त्यामुळे भरवसा फक्त कागदाचा, आणि कागदावरचा नंबर कॉइलच्या टॅगशी जुळतो का याचा.

३. लोखंड बघा

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आमचे पैसे इथेच बुडाले.

ज्या बोटीवर वर्षानुवर्षं वायर चालली, तिच्या फेअरलीडवर, बोलार्डवर (दोर बांधायच्या जाड खुंटावर), रोलरवर वायरने चऱ्या पाडलेल्या असतात. डोळ्याला त्या चकाकत्या, गुळगुळीत दिसतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. वायरला काही होत नाही. एचएमपीईचा धागा मात्र भाराखाली आडवा घासला की एकेक करून कापला जातो. आमच्या तुटलेल्या टोकाला अर्धे धागे स्वच्छ कापलेले आणि उरलेले ओढून तुटलेले होते. कापलेल्या अर्ध्यांनी उरलेल्यांवर भार टाकला, एवढंच झालं.

रोप जिथे जिथे टेकतो त्या प्रत्येक जागेवरून कापसाचा बोळा किंवा बायकोचा जुना नायलॉनचा मोजा फिरवा. एक धागा जरी अडकला, तरी ती जागा तयार नाही. अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून ६० नंबरपासून सुरुवात करा आणि १२० पर्यंत या. चरी खोल असेल तर आधी वेल्डिंगने भरून घ्या. गंजलेल्या जागेवर नुसता रंग फासू नका. रंग पहिल्याच ओढीत निघतो, खालचा गंज कानशीसारखा घासतो.

दुसरी गोष्ट वळणाची. भाराखालचा रोप जिथून वळतो, त्या पाइपचा किंवा रोलरचा व्यास रोपाच्या जाडीच्या निदान आठपट हवा. २२ मिमीला १७६ मिमी. आमचा मागचा पाइप चार इंची होता. तो काढून आठ इंची बसवला. फॅब्रिकेटरने विचारलं, एवढा जाड कशाला, बोट तर छोटी आहे. पाइपाचं माप बोटीवरून ठरत नाही, रोपावरून ठरतं.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी:

- वायर आणि एचएमपीई एकाच बोलार्डवर, एकाच फेअरलीडमधून चालवू नका. एका दिशेने बांधायच्या दोरांमध्ये नायलॉन आणि एचएमपीईची सरमिसळही नको. जो ताणत नाही तो एकटाच सगळा भार घेतो आणि तुटतो.
- एचएमपीई निसरडा आहे. एच-बिटवर (डेकवरच्या दोर गुंडाळायच्या जोडखुंटावर) नायलॉनला पुरणारे वेढे याला पुरत नाहीत, जास्त घ्या. आमच्या ड्रमवर दहा वेढे कायम राहतात, ते कधीच सोडत नाही.
- रोपाच्या टोकाला केलेल्या फाशाची लांबी ज्या खुंटीत किंवा बोलार्डात घालायची, त्याच्या व्यासाच्या निदान तिप्पट असावी. आखूड फासा दोन्ही बाजूंनी फाकतो आणि स्प्लाइसवर, म्हणजे टोक रोपातच ओवून केलेल्या जोडावर, भार येतो.

४. ताकदीचा हिशेब

तुमच्या टगचा बोलार्ड पुल, म्हणजे जागेवर उभी राहून ओढायची ताकद, किती टनांचा आहे, तो आकडा सर्टिफिकेटवर असतो. इंजिनाच्या हॉर्सपॉवरवरून अंदाजाने ठरवू नका. समुद्रातल्या ओढकामासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९९८ च्या मार्गदर्शक सूचनांत साधं गणित आहे: बोलार्ड पुल ४० टनांखाली असेल तर टोइंग लाइनची किमान तुटण्याची ताकद त्याच्या तिप्पट. आमची टग १० टनांची, म्हणजे ३० टन. २२ मिमीच्या रोपाचं सर्टिफिकेट ३५ टनांचं होतं, तो घेतला.

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा: हा आकडा स्प्लाइससकट की स्प्लाइसशिवाय? स्प्लाइस केल्यावर साधारण दहा टक्के ताकद जाते, आणि काही विक्रेते बिनस्प्लाइसचा मोठा आकडा पुढे करतात. टँकर आणि गॅस टर्मिनलवर चालणारी एमईजी-४ ही २०१८ ची नियमावली याबाबत स्पष्ट आहे. तिच्यात मूरिंग लाइनची जाहीर ताकद नव्या, स्प्लाइस केलेल्या रोपाची धरतात, नायलॉन असेल तर भिजवून.

“जास्त मजबूत घेतला तर वाईट काय?” असं मामाने विचारलं होतं. वाईट हे, की मग रोपाआधी हुक किंवा बोलार्ड उपटतो, आणि उपटलेलं लोखंड रोपाच्या टोकाला बांधून तुमच्याकडे येतं. त्याच नियमावलीत जहाजाच्या ठरलेल्या ताकदीच्या १०० ते १०५ टक्क्यांतच मूरिंग लाइन घ्या असं म्हटलंय, ते याचसाठी. टेल मात्र १२५ ते १३० टक्के. बोलार्डवर वेल्ड केलेला सुरक्षित भाराचा आकडा रंगाखाली गेला असेल तर खरवडून बघा.

५. कागदपत्रं

मस्जिद बंदरात गल्लीगणिक दोरवाले आहेत, आपल्या गरवारेसारखे भारतीय कारखानेही हे रोप बनवतात. कुठूनही घ्या, पण ऑर्डरआधी हे मागा आणि माल उतरताना परत तपासा:

- टेस्ट सर्टिफिकेट. त्यावर कॉइलचा किंवा लॉटचा नंबर, व्यास, लांबी, तुटण्याची ताकद आणि चाचणीची पद्धत.
- धागा कुठल्या कंपनीचा, कुठल्या ग्रेडचा, याचं लेखी पत्र.
- बोट क्लासमध्ये (जहाजं तपासणाऱ्या संस्थेकडे नोंदलेली) असेल तर इंडियन रजिस्टर किंवा तुमच्या क्लास सोसायटीला चालेल असं प्रमाणपत्र. हे सर्व्हेयरला आधी विचारा, माल आल्यावर नाही.
- जीएसटी बिल. दोरखंडांचं एचएसएन शीर्षक ५६०७ आहे. बिलावर नुसतं ‘रोप’ न लिहिता पूर्ण वर्णन लिहून घ्या, पुढे विम्याच्या वेळी उपयोगी पडतं.
- न्हावा शेव्याच्या बंदरात आत माल पोचवायचा असेल तर गाडीचा आणि माणसांचा गेट पास आधी काढून ठेवा. आमचा टेम्पो एकदा अर्धा दिवस गेटबाहेर उभा होता, आणि तो थांबण्याचे पैसे घेतो.

६. स्प्लाइस शिका, गाठ विसरा

बोलाइन, फासगाठ, आपल्या कोळी गाठी, कितीही पक्क्या असल्या तरी एचएमपीईवर घसरतात. नाही घसरल्या तर ताकद अर्ध्याच्या आसपास खातात. फासा स्प्लाइसनेच करायचा.

हत्यारं: रोपाच्या मापाचा फिड (टोक आत ओवायची सळी), चांगली धारदार कात्री (साधी सुरी पाच मिनिटांत बोथट होते), मार्कर, मेजर टेप, इलेक्ट्रिकची टेप, जाड सुई आणि शिवणाचा मजबूत दोरा.

बारा लडींच्या पोकळ विणीत रोपाचं टोक रोपाच्याच पोटात घालतात. किती घालायचं? जाडीच्या ७२ पट. २२ मिमीला १.५८ मीटर, आम्ही १.६ धरतो. नायलॉन-पॉलिएस्टरवर हात बसलेले जुने लोक इतकं लांब टोक बघून कुरकुरतात आणि एक मीटरवर थांबतात. थांबू देऊ नका; हा रोप निसरडा आहे, आतलं टोक फक्त पकडीवर टिकतं. टोकाकडच्या लडी एकेक करून कापत निमुळतं करा, नाहीतर जिथे टोक संपतं तिथे रोपाला पायरी पडते आणि तिथूनच तो तुटतो. शेवटी आरपार टाके मारा. टाके भारासाठी नसतात. रोप सैल असताना टोक बाहेर सरकू नये म्हणून असतात.

रोप बनवणाऱ्या कंपनीचा स्प्लाइसचा कागद मागून घ्या, आकडे वेगळे असतील तर त्यांचेच पाळा. आधी १२ मिमीच्या तुकड्यावर चार-पाच वेळा करून बघा. माझा पहिला स्प्लाइस मामाने दोन्ही हातांनी ओढून काढला होता.

७. बोटीवर चढवताना

कॉइल जमिनीवर ठेवून बाजूने वेढे ओढू नका, प्रत्येक वेढ्याला एक पीळ बसतो आणि पिळलेल्या रोपाची ताकद घटते. कॉइल पाइपात ओवून किंवा फिरत्या स्टँडवर ठेवून सोडा. जेट्टीच्या काँक्रीटवरून फरफटवू नका, खाली ताडपत्री घाला. ड्रमवर गुंडाळताना मागून ताण ठेवा. सैल गुंडाळला तर भार आल्यावर वरचा वेढा खालच्या थरात रुतून बसतो, आणि ऐन घाईत सुटत नाही.

८. काम चालू असताना

विक्रेत्यांचं आवडतं वाक्य: “साहेब, हा तुटला तरी उलटून येत नाही, जागेवर पडतो.” अर्धसत्य आहे. एकटा एचएमपीई कमी ताणतो म्हणून कमी ऊर्जा साठवतो. पण पुढे नायलॉन जोडला की सगळी ऊर्जा त्यात भरलेली असते. २ मार्च २०१५ ला ब्रिटनमधल्या साउथ हूक टर्मिनलवर ‘झार्गा’ नावाचं एलएनजी जहाज बांधत असताना एचएमपीईची मूरिंग लाइन तुटून उलटली आणि डेकवरच्या अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. त्या रोपाला वेष्टन होतं, त्यामुळे आतली झीज बाहेरून बघता येत नव्हती. मी बिनवेष्टनाचा रोप घेतो त्याचं हे कारण. वेष्टनवाला घासायला चांगला असतो हे कबूल, पण आत काय चाललंय ते मला दिसलं पाहिजे.

ओढ चालू असताना मागचा डेक रिकामा ठेवायचा. रंगाने ‘धोक्याची पट्टी’ आखून तिच्याबाहेर सगळं सुरक्षित, असं मानू नका. फेअरलीडवरून वळलेला रोप कुठल्या दिशेने येईल सांगता येत नाही.

उष्णतेचंही भान ठेवा. हा रोप साधारण ६५-७० अंशांपुढे कामाचा नाही. एच-बिटवरून भाराखाली सोडत राहिलात तर घर्षणानेच तो तेवढा तापतो. एक्झॉस्ट पाइपजवळ गुंडाळून ठेवलेला रोप मी स्वतः बघितला आहे, आणि तो आमच्याच बोटीवर होता.

आपल्या खाडीत डोलकरांच्या आणि रेतीवाल्यांच्या बोटी टग आणि बार्जच्या मधून आडव्या जातात. वायर पाण्याखाली असायची, हा पाण्यावर असतो. मधला ताण सोडायच्या आधी आजूबाजूला बघा.

९. तपासणी आणि वही

नवा रोप पहिल्या महिन्यात अंगावर लव धरतो. घाबरू नका, ती लव आतल्या धाग्यांना सांभाळते. घाबरायचं ते याला: चकाकणारे, कडक झालेले पट्टे म्हणजे तापून वितळलेला भाग, हाताला एकदम जाड किंवा बारीक लागणारी जागा, शेजारशेजारच्या दोन लडी कापलेल्या, घासून पाव भाग कमी झालेली जाडी. असा भाग कापून टाका आणि नव्याने स्प्लाइस करा. रोप आखूड झाला तर झाला.

आपल्या खाडीचा गाळ फार बारीक असतो, विणीत शिरतो आणि आतून सँडपेपरसारखा घासतो. दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा आणि विण दोन हातांनी ढकलून, उघडून आत बघा. आत राखाडी भुकटी दिसली तर झीज आतून चालू आहे. पावसाळ्यात बोट ओढून ठेवली की रोप झाकून, सुका, डिझेल आणि गंजलेल्या लोखंडापासून लांब. वर्षातून एकदा टोकं उलटसुलट करा.

एक साधी वही ठेवा: कॉइल नंबर, कधी बसवला, किती ओढी, कुठे कापला, कुणी तपासला. मोठ्या जहाजांना १ जानेवारी २०२४ पासून सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराच्या नियमाने मूरिंगच्या सामानाची तपासणी आणि नोंदी ठेवणं बंधनकारक आहे. छोट्या टगला कुणी विचारत नाही. पण मोठ्या जहाजाच्या कामाला गेलात की त्यांचा अधिकारी पहिल्यांदा तुमच्या रोपाचा कागद मागतो, आणि आमचं एक काम त्या वहीमुळेच हातचं गेलं नाही.

१०. बाद झालेला रोप

जेट्टीवर बाद रोप ठेवलात की रात्रीत नाहीसा होतो आणि महिनाभराने कुणाच्या तरी क्रेनची स्लिंग बनून दिसतो. म्हणून बाद ठरवल्याच्या दिवशीच दोन-दोन मीटरचे तुकडे करा. तेवढे फेंडर बांधायला, ताडपत्री आवळायला चालतात, माणसाच्या डोक्यावर काही उचलायला नाहीत. उरलेला भंगारवाल्याला द्या. खाडीत टाकू नका. तो बुडत नाही, तरंगत ठाण्याच्या बाजूच्या फ्लेमिंगो अभयारण्यातल्या कांदळवनात जाऊन अडकतो किंवा दिवाळ्याच्या एखाद्या बोटीच्या पंख्यात, आणि मग तुकडा कुणाच्या टगचा आहे हे रंगावरून सगळ्या जेट्टीला कळतं.